मिस कॉलचं गणित

आमच्या घरी रोज संध्याकाळी सातच्या सुमारास बाबांचा फोन वाजतो आणि तो उचलायला कुणीही उठत नाही. एक रिंग होते, अर्धी अजून होते, आणि बंद. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "लागला दिवा." मी आणि माझा भाऊ टीव्हीवरून नजरसुद्धा हलवत नाही. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी आजीने देवापुढे दिवा लावला, दार पुढे केलं, तब्येत बरी आहे, काळजी नसावी... एवढं सगळं त्या दीड रिंगमध्ये आलं. बिल शून्य रुपये शून्य पैसे!

तर मित्रांनो, मराठी विभागासाठी "टेक्निकल पण बोअर न होणारं" काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळाने माझ्यामागे लकडा लावला, तेव्हा मला आधी हा दीड रिंगचा फोनच आठवला. एक कबुली सुरुवातीलाच देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीशी संबंध शाळेत थर्ड लँग्वेजपुरता आणि घरी आजीपुरता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या प्रूफरीडरच्या समजाव्यात, आणि एखादं वाक्य चांगलं जमलं असेल तर ते माझं!

फोन स्वस्त झाला म्हणून लोक जास्त बोलायला लागले, असं आपण सहज म्हणून जातो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दर किती आहे यापेक्षा तो कशावर लावलाय आणि कुणाच्या खिशातून जातो, यावर माणसांच्या सवयी जास्त ठरतात. मिनिटावर, सेकंदावर, मेसेजवर की महिन्यावर? फोन करणाऱ्याकडून की घेणाऱ्याकडून? बिल बनवायची पद्धत बदलली की देशभरातली माणसं वेगळी वागायला लागतात, आणि त्यांना ते कळतही नाही. थांबा, पटवून देते.

भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या आसपास जायचा. आणि त्यात आणखी एक मेख होती. येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे! म्हणजे तुम्ही मला फोन केलात, तुमच्या गप्पा मी ऐकल्या, आणि तुमच्याबरोबर माझंही मीटर पडलं. बाबांचे एक मित्र तेव्हा मुंबईत नोकरीला होते. ऑफिसने त्यांना मोबाईल दिला होता आणि ते तो शर्टाच्या खिशात दिसेल असा ठेवायचे. फोन वाजला की स्क्रीनवर नंबर बघायचे, कट करायचे, आणि खाली उतरून कोपऱ्यावरच्या पीसीओतून एक रुपयात उलट फोन लावायचे. मोबाईलचा उपयोग काय, तर पेजर! बाबा हा किस्सा इतक्या वेळा सांगतात की आता आम्हाला पाठ झालाय, पण त्यातली गंमत मला नेटवर्क्सचा पेपर देताना कळली. नंबर दिसणं फुकट होतं, बोलणं महाग होतं. मिस कॉलचं बी तिथेच पडलं.

मग १ मे २००३ पासून नियम बदलला. 'कॉलिंग पार्टी पेज', म्हणजे जो फोन लावेल तोच पैसे देईल. येणारे कॉल फुकट झाले. २००२च्या डिसेंबरमध्ये रिलायन्स इन्फोकॉम बाजारात उतरली होती आणि २००३च्या पावसाळ्यात तिने 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. ५०१ रुपये भरा आणि हँडसेट घेऊन जा. ज्यांच्या सात पिढ्यांत लँडलाईन आली नव्हती त्यांच्या हातात मोबाईल आला. पण फोन हातात आला म्हणून बोलायला पैसे थोडेच आले? दहा रुपयांचा टॉपअप, तोही पुरवून पुरवून वापरायचा. मग काय करायचं? समोरच्याला वाजवायचं आणि ठेवून द्यायचं. त्याला गरज असेल तर तो करेल. फोन लावणारा पैसे देतो ना, मग त्यालाच लावू दे!

'मिस कॉल मार' हे वाक्य असं जन्माला आलं. इंग्रजीतला मूळ शब्द 'मिस्ड कॉल', म्हणजे चुकून राहून गेलेला कॉल. आपण त्यातलं 'चुकून' काढून टाकलं आणि तो 'मारायला' लागलो. दगड मारतात तसा! (आमच्या इंग्रजीच्या सिस्टर हे ऐकून बेशुद्ध पडल्या असत्या.)

आता आपण इंजिनिअर आहोत, तर आत काय होतं ते बघू. तुम्ही नंबर डायल करता तेव्हा तुमचं नेटवर्क आधी विचारपूस करतं. हा माणूस आत्ता कुठल्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे? मग त्या हद्दीतले टॉवर त्याच्या नावाने पुकारा करतात. त्याचा हँडसेट "हजर" म्हणतो, रिंग वाजू लागते, आणि रिंग वाजतेय हा निरोप उलट तुमच्यापर्यंत येतो. इथवर सगळा सिग्नलिंगचा खेळ. पलीकडच्याने फोन उचलला की 'आन्सर' नावाचा वेगळा मेसेज निघतो, आणि बिलाचं घड्याळ त्या मेसेजवर सुरू होतं. त्याच्या आधी कट केलंत तर हिशोबात काहीच येत नाही. पण कंपनीला ते फुकट पडतं असं मात्र नाही हं. जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका कॅरिअरवर आठ टाइमस्लॉट असतात, आणि आवाजासाठीचा स्लॉट बहुतेक वेळा रिंग वाजत असतानाच राखून ठेवलेला असतो. एसटी स्टँडवर रुमाल टाकून जागा धरतात तसं. तुम्ही वीस सेकंद रुमाल टाकता आणि गाडी सुटायच्या आत उतरून जाता. तिकीट नाही, पण तेवढा वेळ ती सीट दुसऱ्या कुणाला मिळाली नाही.

मिस कॉलमध्ये माहिती किती जाते? वरवर बघितलं तर एक बिट. वाजला किंवा नाही वाजला. पण नंबर दिसतो, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता आला. वेळ कळते. रिंग किती झाल्या हे मोजता येतं. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे उलट फोन कर. आणि पलीकडच्याने मुद्दाम कट केला तर? ते अॅक्नॉलेजमेंट! "कळलं, येतो." प्रोटोकॉलच्या तासाला सर दोन दिवस जे समजावत होते ते आमचा दूधवाला रोज सकाळी सहा वाजता करून दाखवतो. तो गेटपाशी येतो, एक रिंग देतो, आई कट करते आणि पातेलं घेऊन खाली जाते.

आईवरून आठवलं. आई-बाबांचं लग्न ठरलं २००३ साली. बाबा पुण्यात, त्यांच्याकडे नवाकोरा मोबाईल. आई कराडला, घरात लँडलाईन, आणि लँडलाईनवर आजोबांची नजर. घरून एसटीडी लावला तर बिलात दिसणार आणि आजोबा महिनाअखेरीस चष्मा लावून प्रत्येक नंबर तपासणार. मिस कॉल मात्र बिलात येत नाही! मग आई रात्री सगळे झोपायला गेले की बाबांच्या मोबाईलला एक रिंग द्यायची. ती झाली की बाबा चप्पल घालून एसटीडी बूथवर जायचे, कारण बूथवरून रात्री उशिरा दर कमी, आणि तिथून कराडला फोन लावायचे. आई फोनवर हात ठेवूनच बसलेली असायची, पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलायची. मी विचारलं, "आजोबांना कळलं नाही?" तर आई म्हणाली, "त्यांना सगळं कळत होतं गं. बिल येत नव्हतं म्हणून गप्प होते." माझा जन्म २००५चा आहे. त्यामुळे माझ्या असण्यात टेलिकॉम टॅरिफचा थोडाफार हात आहे असं म्हणायला हरकत नाही!

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. आफ्रिकेत यालाच 'बीप' किंवा 'फ्लॅश' करणं म्हणतात. जोनाथन डॉनर नावाच्या संशोधकाने रवांडातल्या लोकांशी बोलून २००७ साली यावर अख्खा पेपर लिहिला, त्याचं नावच 'द रूल्स ऑफ बीपिंग'. त्याला दिसलेले नियम वाचून मला हसूच आलं, कारण ते पुण्यातल्या कुठल्याही हॉस्टेलवर जसेच्या तसे लागू पडतात. ज्याच्याकडे जास्त पैसे त्याने फोन करायचा, कमी पैसेवाल्याने बीप द्यायचा. ज्याच्याकडून काम करून घ्यायचंय त्याला बीप द्यायचा नाही. आणि मुलीवर छाप पाडायची असेल तर मुलाने बीप दिलेला चालत नाही! थोडक्यात, मिस कॉल कोण कुणाला देतो यावरून त्या दोघांतला वरचा कोण आणि खालचा कोण हे कळतं. आमच्या आईला कामवाल्या मावशी मिस कॉल देतात, आई त्यांना फोन करते. उलटं कधी झालेलं मी पाहिलं नाही.

याच्या उलट अमेरिका. तिथे मोबाईलवर येणारा कॉलसुद्धा तुमच्या मिनिटांतून वजा व्हायचा. त्यामुळे तिथे मिस कॉलची ही संस्कृती रुजलीच नाही. २०००च्या दशकात तिथल्या प्लॅनमध्ये रात्रीची आणि शनिवार-रविवारची मिनिटं फुकट असायची, म्हणून लोक रात्रीचे नऊ वाजायची वाट बघत बसायचे. माणसं वेगळी म्हणून नव्हे हो, मीटर वेगळं म्हणून.

आता पल्सचं गणित. पल्स म्हणजे बिलाचं सगळ्यात लहान माप. पूर्वी आपल्याकडे साठ सेकंदांचा पल्स असायचा. एक सेकंद बोला नाहीतर एकोणसाठ, पैसे एका मिनिटाचे. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरं मिनिट. गणिताच्या भाषेत सीलिंग फंक्शन. त्यामुळे एका पिढीला घड्याळ न बघता अठ्ठावन्न सेकंदांत बोलणं संपवायची सवय लागली. "बरं-चल-ठेवते" हे तीन शब्द एका दमात म्हणायची पद्धत त्यातूनच आली असावी, असा माझा आपला एक अंदाज!

जून २००९मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि थोड्याच महिन्यांत बाकीच्यांनाही तो आणावा लागला. फरक किती पडला बघा. मिनिटाला एक रुपया दर धरू. पासष्ट सेकंदांचा कॉल जुन्या पद्धतीने दोन रुपये, नव्या पद्धतीने पासष्ट पैसे. पण खरी मजा छोट्या कॉलमध्ये आहे. "निघालो, कुकर लाव" एवढं म्हणायला सात-आठ सेकंद लागतात. त्याला जुन्या पद्धतीत रुपया पडायचा, नव्या पद्धतीत सात-आठ पैसे. म्हणजे मिनिटाचा पल्स छोट्या निरोपाला दंड करत होता, आणि म्हणून छोटे निरोप मिस कॉलवर ढकलले जात होते. मग सेकंदाचा पल्स आल्यावर मिस कॉल मेला का? नाही मेला. सात पैसे झाले तरी शून्यापेक्षा जास्तच ना!

एसएमएसची तऱ्हा आणखी न्यारी. एका एसएमएसमध्ये १४० बाइट्स मावतात. रोमन अक्षरं सात-सात बिटांत बसवली की १६० अक्षरं होतात. देवनागरीसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, फोनला तो सातचा दिसतो. लांब निरोप देवनागरीत लिहिला तर एकाच्या जागी दोन-तीन मेसेजचे पैसे. शिवाय तेव्हाच्या बऱ्याच हँडसेटवर देवनागरी उमटायचीच नाही, चौकोन दिसायचे. मग महाराष्ट्राने काय केलं? मराठी रोमनमध्ये लिहायला सुरुवात केली! सात बिटांच्या अक्षरांनी आपली लिपी बदलली. आणि तिथे ळ नाही, ण नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. काल, कळ आणि काळ, तिन्ही एकसारखे. आमच्या मामाने एकदा "कालपासून पोटात कळ आहे" असा मेसेज केला होता आणि त्यातला 'कल' कुठला तो 'काल' आणि कुठला 'कळ' हे ओळखायला घरात पंचायत बसली होती. आता डेटावर अक्षर मोजून पैसे पडत नाहीत, फुकट देवनागरी कीबोर्ड आहेत, तरी मी भावाला मेसेज रोमनमध्येच करते. पैसे लागायचे थांबले, सवय राहिली. (हा लेखसुद्धा आधी रोमनमध्येच टाइप केला होता. संपादकांनी परत पाठवला.)

एसएमएसच्या पॅकचा आणखी एक नमुना. दिवाळी, ३१ डिसेंबर अशा दिवशी पॅक चालत नसे, पूर्ण दर लागायचा. 'ब्लॅकआउट डे'. मग लोक काय करायचे, तर शुभेच्छा एक दिवस आधीच पाठवून मोकळे. शिवाय सप्टेंबर २०११मध्ये ट्रायने दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नंतर ती २०० केली. जाहिरातींचे मेसेज थांबावेत म्हणून हा उपाय होता, पण रात्रभर चॅट करणाऱ्या मुलांची पंचाईत झाली. माझा चुलतभाऊ तेव्हा कॉलेजला होता. तो सांगतो की शंभरावा मेसेज 'गुड नाईट'साठी राखून ठेवावा लागायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडण!

ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत तिचा धंदा कुणीतरी करतोच. २०१० साली बेंगळुरूत झिपडायल नावाची कंपनी निघाली. जाहिरातीतल्या नंबरला मिस कॉल द्या, आम्ही उलट फोन करून माहिती देतो, खर्च जाहिरातदाराचा. जानेवारी २०१५मध्ये ती ट्विटरने विकत घेतली. २०११मध्ये अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला पाठिंबा द्यायलाही लोकांनी मिस कॉल दिले होते. २०१३मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडात 'कान खजूरा टेशन' सुरू केलं. मिस कॉल द्या, फोन उलट येईल, त्यावर गाणी-विनोद ऐका आणि मध्ये मध्ये साबणाच्या जाहिराती. जिथे वीज थोडाच वेळ असायची आणि टीव्ही पोचत नव्हता, तिथे हा रेडिओ झाला. जानेवारी २०२१पासून तर इंडियन ऑइलचा गॅस सिलिंडरही मिस कॉलवर बुक होऊ लागला.

आणि मग जिओ. ५ सप्टेंबर २०१६. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे. मला आठवतं, आई फोनचं नेट दिवसभर बंद ठेवायची, संध्याकाळी दहा मिनिटं चालू करायची आणि परत बंद. गाणी हवी असली की मोबाईल रिपेअरच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि वीस-तीस रुपयांत भरून आणायचं. जिओनंतर हिशोब उलटा झाला. रोज दीड जीबी, रात्री बारा वाजता शून्यावर. उरलेला डेटा पुढे जात नाही! आमच्या वर्गातली एक मैत्रीण हॉस्टेलवर रात्री साडेअकराला फोन उघडते आणि म्हणते, "अजून सहाशे एमबी आहे, संपवायचंय." सबमिशन बाजूला पडलेलं असतं आणि ही डोळे चोळत कुठल्यातरी कुत्र्याचे रील्स बघत असते. पूर्वी खर्च होईल म्हणून वापरायचे नाहीत, आता वाया जाईल म्हणून वापरतात.

मिस कॉलवरून कंपन्यांचीही एक लढाई झाली, तीही सांगितलीच पाहिजे. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावतो तेव्हा पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे थोडे पैसे द्यायची. २००९ साली २० पैसे, २०१५ला १४, ऑक्टोबर २०१७पासून ६ पैसे. २०१९मध्ये जिओचे ग्राहक बाहेर जास्त फोन लावायचे आणि त्यामुळे जिओलाच जास्त पैसे द्यावे लागायचे. त्या वर्षी जिओने रिंग वाजायची वेळ वीस सेकंदांवर आणली. एअरटेलने आरोप केला की हे मुद्दाम आहे, कारण रिंग लवकर थांबली की कॉल मिस होणार, मग आमचा ग्राहक उलट फोन लावणार, आणि सहा पैशांची दिशा बदलणार! जिओचं म्हणणं होतं की जगभर रिंग एवढीच वाजते. पुढे बाकीच्यांनीही रिंग आखूड केली. शेवटी ट्रायने १ नोव्हेंबर २०१९ला ठरवून टाकलं, मोबाईलची रिंग ३० सेकंद, लँडलाईनची ६०. आणि १ जानेवारी २०२१पासून ते सहा पैसेही शून्य झाले. ही बातमी मी मागाहून वाचली आणि डोक्यात एकच गोष्ट आली. आमची आजी परड्यातून फोनपर्यंत यायला पस्तीस सेकंद घेते. मी मोजलेत.

आजीकडेच यायचं होतं मला.

आता सगळं अनलिमिटेड आहे हे आम्ही आजीला कितीदा सांगितलं. ती ऐकते, मान डोलावते, आणि फोन केला तर मिनिटभरात म्हणते, "बास आता, पैसं पडत्यात." बाबा म्हणतात, "अगं आई, फुकट आहे!" तर म्हणते, "फुकट कोन कुनाला देतंय व्हय?" आम्ही हसायचो. नंतर हिशोब केला तेव्हा वाटलं, म्हातारी बरोबर बोलतेय.

बघा ना. जुन्या प्रीपेडमध्ये, विशेषतः २००५-०६च्या सुमारास लाईफटाईम प्लॅन आले त्यानंतर, एकदा पैसे भरले की येणारे कॉल चालूच राहायचे. खात्यात दोन-चार रुपये असले की मिस कॉल कितीही द्या, ते संपत नाहीत. आजीसारखीला महिन्याचा खर्च जवळजवळ नव्हताच. २०१८च्या अखेरीला कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला, २८ दिवसांना ३५ रुपये. तेव्हापासून पैसे बोलण्याचे राहिले नाहीत, नंबर जिवंत ठेवण्याचे झाले. जुलै २०२४मध्ये सगळ्या मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. एअरटेलचा २८ दिवसांचा खालचा प्लॅन १७९चा १९९ झाला. आणि २८ दिवस म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! एकोणीसशे-वीसशे मिनिटं बोलणाऱ्यालाही तेवढेच आणि दीड रिंग देणाऱ्या आजीलाही तेवढेच. वर डेटा, जो तिच्या बटणांच्या फोनला माहीतही नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये असं झालं. दर वाढले म्हणून बाबांनी आजीचा मोठा पॅक संपल्यावर २८ दिवसांचा टाकला होता, आणि तो कधी संपला ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही. प्लॅन संपला की जाणारे कॉल लगेच बंद होतात, येणारे काही दिवस चालू असतात. सात वाजले, फोन वाजला नाही. बाबा म्हणाले, "पाऊस आहे, लाईट गेली असेल, टॉवर बंद असेल." खरंच, पाटणला पावसात हे नेहमीचं आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच. माझी इंटर्नल्स चालू होती. तिसऱ्या दिवशी रात्री आईने फोन लावला. तो लागला. खूप वेळ वाजला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तेव्हा आजीचा आवाज आला. चार दिवस ताप होता. ती रोज मिस कॉल देत होती, दिवसातून चार-पाच वेळा, म्हणजे आम्हाला कळेल काहीतरी झालंय. "मी फोन लावतीया, तर ती बाई बोलतीया मदीच. मला वाटलं तुमचाच फोन लागत न्हाई." ती बाई म्हणजे रिचार्ज संपल्याची रेकॉर्डेड सूचना, हिंदीत.

शेजारच्या काकांनी सकाळी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, सलाईन लागलं, दोन दिवसांत ती बरी झाली. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत. आमच्या चारही फोनवर अनलिमिटेड कॉलिंग होतं. तीन दिवसांत एक फोन लावायला आम्हाला काही पडणार नव्हतं. आम्ही तिच्या मिस कॉलची वाट बघत होतो, कारण वीस वर्षं तशीच पद्धत होती. वाजला तर ठीक, न वाजला तर नेटवर्क. प्रोटोकॉलमध्ये टाइमआउट ठेवायचाच राहून गेला होता.

डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की डेटाशिवाय नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्या, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल. जानेवारी २०२५मध्ये तसे पॅक आले. बाबांनी आजीला लांब मुदतीचा टाकला आणि तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवली, खडूच्या डबीएवढ्या मोठ्या अक्षरांत. मी माझ्या फोनला साडेसातचा अलार्म लावलाय. तोपर्यंत आजीचा मिस कॉल आला नाही तर मी लावते.

परवा आला नाही. मी लॅबमध्ये होते, बाहेर येऊन फोन लावला. तिने सदतिसाव्या सेकंदाला, म्हणजे माझ्या दुसऱ्या कॉलच्या सातव्या सेकंदाला उचलला.

"काय गं, दिवा नाही लावलास?"

"लावला की. भजनाला बाया आल्यात. ठेव आता, पैसं पडत्यात."